विद्या : कमाई की ठेव?

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ३, वचने ४ ते ८, लूक, अध्याय ३, वचने २१ व २२.



मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. त्याच दिवसांत आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरे आणखी एका गोष्टीकडे डोळे लावून बसलेली असतात, ती म्हणजे मुलांचा निकाल. दहावीचा, बारावीचा, आणि अलीकडे सर्वांहून अधिक, डॉक्टरीच्या ‘नीट’ परीक्षेचा. पाऊस न आला तर एक हंगाम बुडतो. पण निकाल मनासारखा न लागला तर जन्मच बुडाला, असे कित्येक आईबापांस वाटते, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या लेकरांस वाटते. तेव्हा ह्या आठवड्यात आपण देवाच्या वचनापुढे बसून एकच प्रश्न विचारू : मोठी पदवी व मानाचा हुद्दा ह्यांनी मनुष्याचे जीवन सफळ होते काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. कारण ज्याने स्वतः ठेच खाल्ली नाही त्याने वाटेतील दगड दुसऱ्यास दाखवू नये.

काही वर्षांपूर्वी निकालानंतरच्या रविवारी आम्ही उपासनेत उत्तीर्ण मुलामुलींची नावे मोठ्या आवाजात वाचली. त्यांस पुढे बोलावून हार घातले, मंडळीने टाळ्या वाजविल्या, आणि आम्ही देवाचे उपकार मानले. आम्हांस वाटले, मोठे उत्तेजनाचे कार्य झाले. परंतु शेवटच्या बाकावर एक मुलगा बसला होता. त्याच्या बापाने एक एकर रान विकून त्यास परगावी शिकवणीस ठेविले होते. तो दुसऱ्यांदा परीक्षेस बसला होता आणि दुसऱ्यांदाही त्याचे गुण कमी पडले होते. त्याचे नाव आमच्या कागदावर नव्हते. त्या रविवारनंतर ते घर उपासनेस येईनासे झाले. आम्ही मात्र शेतीची कामे असतील असे समजून स्वस्थ राहिलो. दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलगा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्याची आई चुलीपुढून उठली आणि म्हणाली, “साहेब, त्या दिशी तुमी समद्यांची नावं घेतली. माझं पोरगं म्हनतंय, पास्टरनं नाव घेतलं न्हाई, म्हंजी देवाच्या वहीत बी आपलं नाव नसंल.”

बंधूंनो, पंधरा वर्षे आम्ही त्या मंडळीत कृपेचा उपदेश केला होता. एका सकाळी, एका कागदाने, तो सर्व पुसून टाकला. जे राज्य शेवटल्यांस पहिले करिते त्या राज्याच्या मंदिरात आम्ही जगाची गुणपत्रिका टांगली होती.

परंतु येथे कोणी घाई करून असे म्हणू नये की, शिक्षण हेच व्यर्थ. असे म्हणणे सोपे आहे, विशेषेकरून ज्याचे पोट भरलेले आहे त्यास. आम्ही एकदा एका ऊसतोड बांधवास अशाच काही शब्दांनी समजावू लागलो, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, माझ्या बापाच्या हातात कोयता व्हता, माझ्या हातात कोयता हाये. पोराच्या हातात पेन यावं, येवढंच माझं मागणं. त्यात काय पाप हाये?” आम्ही निरुत्तर झालो. त्यात पाप नाही. ज्यांच्या वाडवडिलांस शतकानुशतके अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्यांच्या लेकरांनी पाटी हाती धरावी ही देवाची इच्छा आहे, असाच आमचा विश्वास आहे.

आपण इतिहास विसरू नये. १८५६ साली धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला असता तो त्यास नाकारण्यात आला. त्याने चोरी केली नव्हती, कोणास दुखविले नव्हते. त्याचा अपराध इतकाच की त्यास शिकावेसे वाटले. त्याच्या एक वर्ष आधी, १८५५ साली, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो ‘ज्ञानोदय’ ह्या मिशनच्या पत्रात छापून आला. तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे होते, आणि शाळेत जाऊन तिला फार थोडी वर्षे झाली होती. कोणतीही पदवी तिच्या नावापुढे नव्हती. तरी पावणेदोनशे वर्षांच्या जवळ आलो तरी तो निबंध वाचला जातो. का? तिला अक्षर मिळाले तेव्हा तिने त्याचा पहिला उपयोग स्वतःच्या मानासाठी केला नाही. ज्यांस बोलता येत नव्हते त्यांच्या वतीने ती बोलली. विद्या कशासाठी असते हे त्या लेकराने मोठमोठ्या पंडितांस शिकविले.

म्हणून आमचा प्रश्न ‘शिकावे की शिकू नये’ असा नाही. शिकावेच, मुलींनीही शिकावे, आणि जितके शिकता येईल तितके शिकावे. आमचा प्रश्न असा आहे की, शिकल्यावर ती विद्या वहीच्या कोणत्या बाजूस मांडावी?

सावकाराची वही तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. काहींनी तर ती भीतभीत पाहिली आहे. तिच्यात एक बाजू जमेची असते आणि एक नावेची. प्रेषित पौल फिलिप्पै येथील मंडळीस लिहिताना अशीच एक वही उघडून दाखवितो. जमेच्या बाजूस काय काय लिहिले होते ते तो एकेक सांगतो : आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएलाच्या वंशातला, बन्यामिनाच्या कुळातला, इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी. प्रेषितांच्या कृत्यांत, बाविसाव्या अध्यायात, तो आणखी सांगतो की, आपण यरुशलेमेत गमलिएलाच्या पायाशी बसून शिकलो. त्या काळी ह्याहून मोठा गुरू नव्हता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर कुळ उत्तम, शाळा उत्तम, गुण उत्तम, आणि पुढे मोठ्या पदाची आशा. त्या वहीची बेरीज पाहून कोणत्याही बापाची छाती फुगली असती.

आणि मग दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्त भेटला. पौलाने वही पुन्हा उघडली, आणि जे जे जमेस होते ते ते उचलून तोट्याच्या बाजूस लिहिले. का लिहिले? ती विद्या खोटी होती म्हणून नव्हे. त्या विद्येच्या बळावर तो देवापुढे उभा राहू पाहत होता म्हणून. ज्या काठीने चालावयाचे त्या काठीची त्याने मूर्ती केली होती. हीच विद्या घेऊन तो मंडळ्यांचा छळ करीत फिरला, हे तो विसरला नव्हता. शिकलेला मनुष्य आंधळा असू शकतो, हे पौलाने दुसऱ्याकडून ऐकले नव्हते; तो स्वतः तीन दिवस आंधळा झाला होता.

परंतु हेही लक्षात घ्या की त्याने आपली विद्या फेकून दिली नाही. तिच्याच साह्याने त्याने पत्रे लिहिली, अथेनैत पंडितांशी वाद केला, राजांपुढे भाषण केले. आणि तोच गमलिएलाचा शिष्य करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्याबरोबर तंबू करीत बसे, हे कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. त्यास ग्रंथ धरण्यात गर्व नव्हता आणि हातकाम करण्यात लाज नव्हती. विद्या तीच होती. फक्त वहीतील तिची जागा बदलली होती. पूर्वी ती त्याची कमाई होती. आता ती धन्याची ठेव झाली.

हा भेद आम्ही पुन्हा सांगतो, कारण आजचा सर्व उपदेश ह्या दोन शब्दांत आहे. कमाई ती की जी मिळविणारा मनास येईल तशी खर्च करितो, आणि जिच्यावरून आपली किंमत ठरवितो. ठेव ती की जी दुसऱ्याची असून आपल्याजवळ सांभाळावयास दिलेली असते, आणि जिचा हिशेब एक दिवस मागितला जातो.

प्रिय वाचकहो, ह्याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. तो ह्याच मातीत आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे नाव तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी तुम्ही ऐकले असेल. ब्राह्मण कुळात जन्मलेला हा तरुण मुंबईस डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी ह्यांच्या शाळेत शिकला, जिचे पुढे विल्सन कॉलेज झाले. इंग्रजी विद्येने त्या काळी सरकारी नोकरीची दारे उघडत असत. जात होती, बुद्धी होती, विद्या होती. जमेच्या बाजूस काय कमी होते? १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क बुडत असे. तो राखणारा कायदा पुढे १८५० साली झाला. म्हणजे घर, जात व वाटा ह्या तिन्हींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवूनच त्यांनी ते पाऊल टाकिले. १८५४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईत मानाने अध्यापन करीत राहता आले असते. पण त्यांनी वाट धरिली ती निजामाच्या राज्यातील जालन्याची.

आणि येथे येऊन ते कोणामध्ये राहिले? ज्यांच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानीत, त्या मांग व महार बांधवांमध्ये. जालन्याजवळ निजाम सरकारकडून, दिवाण सर सालार जंग ह्यांच्या काळात, मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ख्रिस्ती लोकांची वस्ती वसविली आणि तिचे नाव ‘बेथेल’ ठेविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हे नाव याकोबाने एका उघड्या माळास दिले. त्या रात्री त्याच्याजवळ घर नव्हते, अंथरूण नव्हते, उशीस दगड होता. तरी देव त्या जागी होता. गावकुसाबाहेर राहिलेल्या लोकांच्या वस्तीस ह्याहून योग्य नाव कोणते मिळाले असते?

शेषाद्री पुढे परदेशीही गेले. १८७३ साली न्यू यॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते उपस्थित होते. डी. डी. ही पदवीही त्यांच्या नावास लागली. १८९१ साली समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. त्यांची कबर आपल्या जिल्ह्यात नाही. परंतु त्यांनी आपली विद्या येथे खर्च केली. आज त्यांची पदवी किती जणांस आठवते? बेथेल हे नाव मात्र राहिले.

तथापि एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बेथेल एकट्या विद्वानाने वसविले असे समजाल तर चुकाल. गावाचा धाक, पाटलाचा रोष आणि भाऊबंदांचा बहिष्कार पत्करून जे पहिले लोक विश्वासात आले, त्यांपैकी बहुतेकांस अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या नावांपुढे पदव्या नाहीत. विद्वानाने आपली जात सोडिली, आणि अक्षरशून्य मनुष्याने आपले भय सोडिले. देवाच्या वहीत ह्यांपैकी कोणाचे गुण अधिक, हे ठरविण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. एका स्त्रीस असा मान मिळणे त्या काळी अपूर्व होते. पण त्यांचे आयुष्य सभेत मान घेण्यात गेले नाही. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचविलेल्या मुली व विधवा ह्यांच्यामध्ये ते गेले. आणि १९२२ साली त्या वारल्या तोपर्यंत त्या कोणत्या कामात गुंतल्या होत्या? मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे असे मराठी भाषांतर करण्यात, की जे खेड्यातील साध्या बाईस समजावे. संस्कृताच्या शिखरावर चढलेली ती स्त्री शेवटी जात्यावर बसणाऱ्या बहिणीच्या भाषेपर्यंत खाली उतरली. जी विद्या नुसती चढते ती मनुष्यास एकटे करिते. जी उतरते ती पाटाच्या पाण्याप्रमाणे वाफ्यावाफ्याला भिजविते.

आता, ज्यांचा निकाल मनासारखा लागला नाही त्यांच्याकडे वळू. आधी थोडे गणित करू. २०२४ साली आपल्या देशात ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक मुले बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे कितीही अभ्यास केला असता तरी २० लाखांहून अधिक मुलांस ती जागा मिळणे शक्यच नव्हते. वाफ्यात शंभर रोपांपुरतेच पाणी असेल आणि दोन हजार रोपे लाविली, तर जी सुकतात त्यांचा दोष काय? ती सगळी लेकरे आळशी होती काय? देवाने त्यांस टाकून दिले काय? आणि आम्ही मात्र त्या एका यादीवरून आपल्या पोटच्या गोळ्याची किंमत करीत बसतो!

ह्याचे फळ किती कडू आहे ते पाहा. राजस्थानात कोटा म्हणून शहर आहे. तेथे देशभरची मुले अशा परीक्षांच्या शिकवणीस जाऊन राहतात. २०२३ साली तेथील इतक्या मुलांनी आपल्या जिवाचे बरेवाईट करून घेतले की, प्रशासनास वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा हुकूम काढावा लागला. पंख्यांना स्प्रिंग बसविता येते. पण ज्या ओझ्याखाली लेकरू दबले ते ओझे कोण उतरविणार? ते आईबापांनी उतरवावयाचे आहे. ते मंडळीने उतरवावयाचे आहे. आणि ज्याने हार घालून ते वाढविले, त्या पाळकाने सर्वांच्या आधी उतरवावयाचे आहे.

आमच्या दुसऱ्या शास्त्रपाठाकडे लक्ष द्या. प्रभु येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन प्रार्थना करीत असता आकाश उघडले, पवित्र आत्मा उतरला, आणि पित्याने सांगितले की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. आता विचार करा, हे शब्द केव्हा आले? त्या वेळेपर्यंत प्रभूने एकही आंधळा डोळस केला नव्हता. डोंगरावरील प्रवचन झाले नव्हते. अरण्यातील परीक्षा झाली नव्हती, वधस्तंभ तर पुढेच होता. त्याच्या मागे होती ती नासरेथातील सुताराच्या घरची साधी, कोणाच्या नजरेत न भरणारी वर्षे. बाराव्या वर्षी मंदिरातील गुरूंस आपल्या उत्तरांनी थक्क करून सोडणारा तो मुलगा परत गावी गेला, आणि आईबापांच्या आज्ञेत राहिला. जगाने म्हटले असते, एवढी बुद्धी वाया गेली. पित्याने म्हटले, मी संतुष्ट आहे.

बंधुभगिनींनो, जगाच्या शाळेत आधी परीक्षा आणि मग निकाल. देवाच्या घरात निकाल आधी लागतो. प्रीती आधी मिळते, आणि त्या प्रीतीच्या बळावर मनुष्य पुढे परीक्षेस जातो. ख्रिस्तात जो आहे तो पित्याचा प्रिय आहे. हे त्याच्या गुणांनी वाढत नाही आणि नापास झाल्याने घटत नाही. म्हणूनच सत्तर शिष्य मोठ्या यशाने हर्षित होऊन परत आले तेव्हा प्रभूने त्यांस सांगितले की, ह्याचा आनंद मानू नका, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत ह्याचा माना. ते यश खोटे नव्हते. पण आनंदाची मुळी तेथे रोवावयाची नव्हती.

ज्या मुलाने म्हटले की देवाच्या वहीत आपले नाव नसेल, त्यास आम्ही हेच सांगितले. त्याच्या बापादेखत आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मंडळीपुढे आम्ही आपली चूक सांगितली. नाताळच्या सकाळी तो आला आणि मागे बसला. तो आता नियमित येतो असे सांगून ह्या लेखाचा शेवट गोड करावा, अशी आमची इच्छा होती. पण ते खरे ठरणार नाही. कधी येतो, कधी येत नाही. आम्ही शेवटच्या बाकावरील ती जागा पाहत असतो. तुम्हीही त्याच्यासाठी प्रार्थना करा. नाव देव जाणतो.

आता ज्यांस यश मिळाले त्यांस दोन शब्द. तुम्ही डॉक्टर झालात, वकील झालात, कचेरीत खुर्चीवर बसलात, ह्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. लूक हा वैद्य होता, आणि पौल त्यास प्रिय वैद्य म्हणतो. दानीएल बाबेलच्या राजशाळेत शिकला आणि मोठ्या हुद्द्यास चढला, तरी यरुशलेमेकडील खिडकी त्याने बंद केली नाही. तुमची खिडकी उघडी आहे काय? शहरात गेल्यावर कोणी गावाचे नाव विचारले तर तुम्ही खाली पाहता काय? बापाचा रापलेला हात मित्रांपुढे धरावयास लाजता काय? आम्ही तुम्हांस दोष देत नाही; जगाने आपल्या लोकांस इतके हिणविले आहे की लपण्याची सवय लागते. पण ज्या खांद्यांवर उभे राहून तुम्ही फांदी गाठली, ते खांदे अजून तेथेच उभे आहेत. फळ हाती आल्यावर खाली पाहावे. जी ठेव तुमच्याजवळ आहे तीत त्यांचा वाटा आहे. ज्यास पुष्कळ दिले त्याच्यापासून पुष्कळ मागितले जाईल, असे प्रभूने लूकाच्या बाराव्या अध्यायात बजाविले आहे.

प्रचारकांनो व वडील मंडळींनो, उपदेश ऐकून घरी जाणे पुरे नाही. म्हणून काही गोष्टी तुमच्यापुढे ठेवितो.

निकालानंतरच्या रविवारी केवळ उत्तीर्णांची नावे वाचू नका. जी जी मुले परीक्षेस बसली त्या सर्वांस पुढे बोलावून त्यांच्यासाठी एकत्र प्रार्थना करा. हारांस जो पैसा लागतो त्याची वह्या-पुस्तके घ्या.

शिकवणीसाठी रान विकण्यापूर्वी किंवा कर्ज काढण्यापूर्वी सर्व घराने एकत्र बसावे, आणि मुलास काय व्हावेसे वाटते हे आधी विचारावे. बापाचे अपुरे स्वप्न लेकराच्या पाठीवर लादणे ही प्रीती नव्हे. चांगली परिचारिका, प्रामाणिक गवंडी, मोसंबीची बाग नीट राखणारा माळी, ह्यांस देवाच्या मळ्यात डॉक्टरापेक्षा कमी मजुरी नाही.

गावात जो कोणी शिकलेला आहे त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. दिवाळी सरली की आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा ह्या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे उसाच्या तोडीवर जातात, आणि त्यांच्या मुलांची शाळा मध्येच तुटते. ती परत येतात तेव्हा त्यांस मागचे पाठ कोण सांगणार? म्हाताऱ्या विधवेचा सरकारी अर्ज कोण भरून देणार? ही संध्याकाळ म्हणजेच ठेवीचे व्याज होय.

आणि आईबापांनो, निकालाच्या दिवशी मूल घरी आले की गुण विचारण्याआधी, “जेवलास का, बाळा?” असे विचारा. एवढ्या प्रश्नात पित्याचे अंतःकरण दिसते. उधळा पुत्र परत आला तेव्हा बापाने हिशेब मागितला नाही. तो धावत गेला, त्याने त्यास मिठी मारिली, आणि जेवण मांडिले. मूल गप्प राहू लागले, अन्न टाकू लागले, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्यास एकटे सोडू नका, जवळ बसा, आणि डॉक्टरास दाखवा. मनाच्या दुखण्यास औषध घेण्यात पाप नाही आणि लाजही नाही.

एक दिवस धनी परत येईल आणि वही मागेल. तो असे विचारणार नाही की, तुझ्या नावापुढे कोणती अक्षरे होती. तो विचारील की, मी तुझ्याजवळ ठेविले होते ते कोणापर्यंत पोहोचले? मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुझी विद्या कोठे होती? त्या दिवशी मोठा पदवीधर आणि निरक्षर म्हातारी एकाच रांगेत उभी राहतील. आणि कदाचित म्हातारीचे उत्तर आधी पुरे होईल.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या लेकरांस विद्या दे, आणि विद्येबरोबर नम्र मन दे. जी उत्तीर्ण झाली त्यांस गर्वापासून राख. जी मागे राहिली त्यांस निराशेपासून राख. आम्ही पाळकांनी व आईबापांनी तुझ्या लहानांच्या वाटेत जे दगड ठेविले त्यांची आम्हांस क्षमा कर. शेवटच्या बाकावर बसलेल्यांची नावे तुझ्या तळहातावर आहेत हे आम्हांस विसरू देऊ नको. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.